साताऱ्यातली कॉन्व्हेंटची मुलींची शाळा : नववीच्या अख्ख्या वर्षाचा विषयवार अनुभव

मुलीसाठी कॉन्व्हेंट बघणारे पालक भेटले की ठरलेले तीन प्रश्न विचारतात. फी किती, शिस्त कशी आणि पोरगी इंग्रजी फाडफाड बोलते का? शिकवतं कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. माझी मुलगी आठवीपर्यंत सेमी इंग्रजीत होती, नववीला आम्ही तिला सिस्टरांच्या शाळेत घातलं. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. माझं ठाम मत असं झालंय की शाळा म्हणून एकच एक शेरा मारण्यात अर्थ नाही. त्याच इमारतीत भूगोल एका उंचीवर आहे आणि गणित दुसऱ्याच. म्हणून विषयवार लिहिते. शाळेचं नाव देत नाही, कारण काही तक्रारीही आहेत आणि त्या मी शाळेत समोर बसून सांगितल्या आहेत.

आधी भूगोल, कारण या शाळेचं खरं सोनं तिथे आहे. नववीच्या पुस्तकात पहिला पाठ वितरणाच्या नकाशांचा आणि पुढचा भूकंप, ज्वालामुखी वगैरे अंतर्गत हालचालींचा. भूगोलाच्या मिसनी हे दोन्ही पाठ एकत्र गुंफले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, तो आपल्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. प्रत्येकीने घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारून यायच्या होत्या : तेव्हा कुठल्या गावात होता, घराच्या भिंती कशाच्या होत्या आणि काय काय पडलं. माझ्या सासूबाई तेव्हा पाटणकडे माहेरी होत्या. दगडमातीची भिंत कशी फुगून बाहेर आली, पुढचे कित्येक दिवस सगळं गाव अंगणात कसं झोपत होतं, हे त्यांनी नातीला रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी ते कधी ऐकलं नव्हतं. वर्गात मग जिल्ह्याचा तालुकावार नकाशा भिंतीवर लावला आणि प्रत्येकीने आपलं गाव शोधून टिंब दिलं. घर पडलं तिथे लाल, नुसती भांडी वाजली तिथे निळं. पाटण आणि कराडकडे लाल दाट, फलटण-माणकडे निळं. टिंबपद्धतीचा नकाशा म्हणजे काय, हे त्यानंतर तिला कुणी शिकवायची गरज उरली नाही.

पावसाळा ओसरल्यावर याच मिस मुलींना यवतेश्वरच्या घाटात घेऊन गेल्या. कासला फुलं बघायला गर्दी लोटते, त्याच रस्त्यावर. पण यांनी मुलींना रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरापाशी उभं केलं. बेसॉल्टचे थर, त्यातले गोलसर दगड, त्यांचे सुटणारे पापुद्रे, वर गेल्यावर लागणारा जांभा दगड, हे सगळं वहीत काढून आणायचं होतं. क्षेत्रभेट हा दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ आहे. तो आमच्याकडे नववीतच झाला म्हणायचा.

इतिहासाच्या मिस स्वभावाने कडक. सेमीतून आलेल्या मुलींची खरी कसोटी गणित-विज्ञानात लागत नाही, ते आधीच इंग्रजीतून झालेलं असतं. अडतं ते इतिहासात. नववीच्या पुस्तकातला 1960 नंतरचा भारत इंग्रजीतून समजतो, पण उत्तर स्वतःच्या वाक्यांत लिहायचं म्हटलं की पेन थांबतं. पहिल्या चाचणीत माझ्या मुलीने गाईडमधलं उत्तर पाठ करून उतरवलं. मिसनी त्याखाली लाल पेनाने लिहिलं होतं की हे गाईडचं आहे, तुझं चार ओळींत लिही, चुकलं तरी चालेल. आणि ते पुन्हा तपासलं. दर पंधरवड्याला वह्या घरी नेऊन अशा तपासणारी शिक्षिका मिळणं हे मला इंग्रजी संभाषणापेक्षा फार मोलाचं वाटतं. दिवाळीनंतर मुलगी गाईड उघडेनाशी झाली.

विज्ञान चांगलं आहे. प्रयोगशाळा जुनी, पण कुलूपबंद नाही. दोघी-दोघींच्या जोडीला साहित्य मिळतं आणि जर्नल प्रयोग केल्यावरच लिहायचं असतं. फक्त मुलींची शाळा असल्याचा फायदा इथे दिसतो. मायक्रोस्कोपपाशी कुणी मागे सरत नाही, कारण पुढे घुसणारे मुलगे नाहीत.

गणिताबद्दल मात्र मी नाराज आहे. पहिल्या सत्रातल्या मिस उत्तम होत्या. दिवाळीनंतर त्यांना अनुदानित शाळेत जागा मिळाली आणि त्या गेल्या. त्यांना दोष देत नाही. विनाअनुदानित शाळेतला पगार आणि तिथला पगार यात केवढा फरक असतो, हे आपण सगळे जाणतो. पण शाळेने बदली शिक्षिका आणायला फार वेळ लावला. मधल्या काळात तासाला कुणीही येऊन बसायचं, नंतर जॉमेट्री अक्षरशः पळवली. वर्तुळ आणि त्रिकोणमिती घाईत झाली. अल्जेब्राला 40, जॉमेट्रीला 40 आणि अंतर्गत 20 ही रचना पुढे दहावीलाही तशीच आहे, म्हणजे हा कच्चा पाया तिथे दिसणारच. पालकसभेत मी हे बोलले. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, शनिवारी जादा तास सुरू केले. ते पुरेसे नाहीत, असं माझं मत आजही आहे.

मराठीचे तास कमी आहेत. द्वितीय भाषा म्हणून अक्षरभारती हे पुस्तक, त्यामुळे मराठी शाळेतून आलेल्या मुलीला ते सोपं जातं आणि तिथेच ती सैल पडते. घरी वाचन चालू ठेवा. तिसऱ्या भाषेला हिंदी-संस्कृत संयुक्त घेतलंय, 50-50 गुणांचं, ते व्यवस्थित चाललंय. चित्रकलेच्या मिस एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची तयारी शाळेतच करून घेतात. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीला 7 गुण वाढतात, बी ला 5, सी ला 3. मैदान लहान आहे, खेळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

धर्माचा प्रश्न नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. ख्रिस्ती मुलींचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा, त्याच वेळी बाकीच्या मुलींना मूल्यशिक्षण. सकाळची प्रार्थना सगळ्यांची एकत्र. माझ्या मुलीवर कुणी काही लादलेलं मला दिसलं नाही. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती झाली, त्यांचं जन्मगाव नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं म्हणून मुलींनी त्यावर नाटिकाही बसवली. पण नागपंचमीच्या मेंदीवरून डायरीत शेरा आला, तो मला अजिबात पटला नाही. मेंदी आठवडाभर जात नाही आणि सण मुलीने ठरवलेला नसतो. वर्गशिक्षिकेला तसं लेखी कळवलं. पुढे सणांच्या वेळी शेरे आले नाहीत.

दहावीला तिला तिथेच ठेवतोय, गणिताचा क्लास बाहेर लावून. तुम्ही चौकशीला जाल तेव्हा ऑफिसातल्या माहितीपत्रकावर थांबू नका. नववी-दहावीला गणित कोण घेतं आणि त्या किती वर्षं तिथे आहेत, हे विचारा. ओळखीतल्या एखाद्या मुलीची इतिहासाची वही मागून घ्या आणि लाल पेन कुठवर पोचलंय ते पाहा.