पणजीचं स्टँड-अप की गावचा दशावतार?

सावंतवाडीहून दोन्ही जमतं, म्हणून ही तुलना. पणजीला दुपारी स्टँड-अप, मग पबात जेवण. एकटा माणूस, एक माईक, तासाभराचा खेळ. विनोद घरमालक, डेटिंग आणि ऑफिसवरचे, तेही अर्धे हिंदीत. पबात काजूफेणीचं कॉकटेल (तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय), तळलेलं काहीतरी आणि बिल बघून उतरणारी नशा. परत यायचंय, म्हणून एकाने सोड्यावर भागवायचं. तो एक नेहमी मीच.

दशावतार म्हणजे आपलं कोकणातलं लोकनाट्य. ते जत्रेत, रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे. मला तर हे स्टँड-अपपेक्षा अवघड वाटतं, कारण समोरचं पात्र काय टाकेल ते ठाऊक नसतं. काळ्या वेशातला संकासुर राक्षस आला की पोरं किंचाळत आयांच्या पदरात. पुढे बसलेल्या गावपुढाऱ्यालाही तो सोडत नाही. स्त्रीपात्रं परंपरेने पुरुषच करतात. जेवणाचं म्हणाल तर गरम भजी, चहा नि घरी न्यायला गोड खाज्याची पुडी.

मे महिन्यात पाहुणे आले तर पणजी. डिसेंबरात, जत्रांच्या दिवसांत आले तर विचारूच नका, चटई आणि शाल घ्या नि चला.