अडीचशे डॉलरचं काळं मडकं

लेक सांता फेहून आली आणि तिने स्वेटरात गुंडाळलेलं एक काळं मडकं बाहेर काढलं. कवठाहून जरासं मोठं. अडीचशे डॉलर! सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, एवढ्यात तर फ्रीज आला असता."

मडकं अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता क्लारा प्युब्लोचं. प्युब्लो म्हणजे तिथल्या मूळनिवासींचं गाव. सांता फेच्या जुन्या गव्हर्नर पॅलेसच्या ओसरीत तिथले मूळनिवासी कारागीर आपापला माल मांडून बसतात. जिने घडवलं तिच्याच हातून लेकीने घेतलं. बुडाशी सही कोरलेली आहे. पोटावर अवान्यु, म्हणजे त्यांचा शिंगवाला पाण्यातला नाग. आमच्या नागपुरात, नाग नदीच्या गावी, दुसरं काय आणणार म्हणा! नाग आरशासारखा चकचकीत, भोवतीची कोरलेली जागा शाळेच्या पाटीसारखी मंद काळी.

आमच्या माठवाल्या भाऊंना दाखवलं. त्यांनी आत बोट फिरवलं आणि लगेच म्हणाले, "ताई, हे चाकावरचं नोहे." खरंच नाही. ज्वालामुखीची राख मिसळलेल्या मातीच्या वळ्या एकीवर एक चढवून हातानेच घडवतात. नाग कोरला की त्यावर पातळ मातीचा हात द्यायचा आणि तो सुकायच्या आत नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायचा. रंग, ग्लेझ काही नाही. उघड्यावरच जाळ करतात आणि ऐन धगीत वरून लिदीचा बारीक भुगा टाकून जाळ कोंडतात. हवा तुटली की मडकं काळं. कोंडलं नाही तर तेच मडकं लाल निघतं! हे ऐकून भाऊ गप्पच झाले.

नेटवर शोधलं की आधी मडकी घडवणाऱ्या मारिया मार्तिनेझ (१८८७-१९८०) येतात. त्या शेजारच्या सान इल्देफोन्सोच्या. त्यांचे यजमान ज्युलियन चकचकीत काळ्यावर मंद काळ्याने चितारायचे. तेही सुरेखच, पण कोरीव काम बघायचं तर सांता क्लाराच्या मार्गारेट ताफोया (१९०४-२००१) यांचे मोठाले रांजण बघा. मी फोटोतच बघितले, तरी हात लावावासा वाटला.

तक्रार एकच, आणि तीही माझ्याच अकलेची. हौसेने मी त्यात पाणी घालून मनीप्लांट लावला. दोन दिवसांत पाणी झिरपलं आणि नागाच्या शेपटीवरची चकाकी उडाली. पाणी घालू नका असं सोबतच्या कार्डावर लिहिलेलं होतं, ते लेकीने स्वेटरासोबत कपाटात ठेवलेलं. शोभेलाच घेणार असाल तर पैसे वसूल आहेत. वापरायला हवं असेल तर भाऊंचा दीडशेचा माठ बरा.

दिवाळीच्या आधी भाऊ पणत्या घेऊन आले. एक वेगळी कागदात बांधलेली होती. आव्यात गोवरीचा चुरा टाकून बघितला म्हणे. पणती वरून काळी आणि खालून लाल निघाली होती, अगदी अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या म्युझियममधल्या, त्या जुन्या काळ्या-लाल भांड्यांसारखी. "हवा राहिली कुठून तरी," भाऊ म्हणाले. पैसे घेतले नाहीत.