बोटावरची क्लिप, मांडीवरचा कफ आणि माझा हलता हात
धमन्या किती ताठर आहेत हे पाहण्यासाठी नाडीच्या लहरीचा वेग मोजणारी तिन्ही यंत्रं वापरून झाली. टोनोमीटरची (त्वचेवर टेकवून नाडीचा दाब टिपणाऱ्या यंत्राची) पेन्सिल मानेवर धरताना माझा हात जरा हलला की आलेख बिघडतो. अंगाने जाड माणसाच्या जांघेत नाडी शोधताना तर घामच फुटतो. तरी भरवसा त्याच्यावरच. मानेपासून जांघेपर्यंतचा लहरीचा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर गेला की धमन्या ताठरल्या असं धरतात. मांडीला कफ बांधायचं यंत्र मला आवडलं: जांघ चाचपायला नको, समोरचा माणूसही अवघडत नाही. बोटावरची क्लिप सगळ्यांत सोपी, पण फसवी. तिच्यात लहर बोटापर्यंत पोचायचा वेळ ईसीजीच्या आर-टोकापासून (हृदयाच्या विद्युत आलेखातल्या उंच टोकापासून) मोजतात, आणि त्या वेळात महाधमनीची झडप उघडण्याआधीचा वेळही मिसळलेला असतो. शिवाय बोटं गार पडली की सिग्नल गायब!