केसॅन आणि केसीसॅन : यूएसबी ड्रायव्हरवर काही महिने वापरल्यानंतर

लिनक्ससाठी यूएसबी ड्रायव्हर लिहीत असाल, तर केसॅन (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी सोय) आजच चालू करा. केसीसॅनही (एकाच मेमरीत दोघांनी एकाच वेळी हात घातला तर ते शोधणारी सोय) घ्या, पण त्याच्यावर विसंबून राहू नका.

आमच्या डेटा लॉगरच्या ड्रायव्हरला एक जुनं दुखणं होतं. रीडिंग चालू असताना केबल उपटली, की मशीन कधीतरी कोसळायचं. दहादा करून बघावं तर काहीच नाही! केसॅन चालू करून बनवलेल्या कर्नलवर मात्र पहिल्याच दिवशी रिपोर्ट आला. मोकळी केलेली मेमरी कोणी वापरली, ती कोणी मागितली होती आणि कोणी सोडली, या तिन्ही गोष्टींचे स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची साखळी) त्यात एकाखाली एक असतात. वापरणारा होता आमचा रीड (रीडिंग वाचणारं फंक्शन), सोडणारा डिसकनेक्ट (केबल निघाल्यावर चालणारं फंक्शन), आणि हा डिसकनेक्ट हब-इव्हेंटच्या वर्करमधून, म्हणजे यूएसबीची जोड-तोड हाताळणाऱ्या कर्नलच्या वेगळ्या धाग्यातून आलेला. तीन आठवडे प्रिंट टाकत बसण्यापेक्षा हे एक पान मोलाचं.

केसीसॅन (कर्नल ५.८ पासून, २०२०) वेगळ्या पद्धतीने काम करतो. निवडक मेमरी-वापरांवर पहारा लावून तो क्षणभर थांबतो, मुळात ८० मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यात दुसरं कोणी तिथे हात घालतंय का ते बघतो. त्याने आमचा 'डिव्हाइस गेलं' हा फ्लॅग (खुणेचं व्हेरिएबल) अचूक पकडला. तिथे रीड-वन्स (हे वाचन मुद्दाम असं केलंय, असं सांगणारी खूण) लावलं की तो गप्प होतो, बग मात्र तसाच राहतो! फ्लॅग तपासणं आणि यूआरबी (यूएसबीवरची डेटाची मागणी) पाठवणं यांच्यामधल्या फटीत डिसकनेक्ट घुसतोच, आणि क्रमाची ही चूक केसीसॅनला दिसत नाही. खरा उपाय म्हणजे तपासणं आणि पाठवणं एकाच म्युटेक्सखाली (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आणणं. डिसकनेक्टने तोच म्युटेक्स घेऊन फ्लॅग लावायचा, मग म्युटेक्स मोकळा करून यूआरबी मारायचे (रद्द करायचे), थांबलेल्या रीडला उठवायचं. मेमरी केरेफवर (ती किती जण वापरतायत याची मोजणी) ठेवायची, म्हणजे शेवटचा क्लोज होईपर्यंत ती सुटत नाही. यूआरबी मारणारं फंक्शन झोपू (वाट बघत थांबू) शकतं, त्यामुळे स्पिनलॉक (ज्याच्या आत झोपायला मनाई असते असं कुलूप) धरून ते कधीच बोलावू नका.

त्रासही आहे. दोन्ही एकाच कर्नलमध्ये चालत नाहीत, म्हणून दोन बिल्ड सांभाळावे लागतात. केसॅन मेमरीचा आठवा हिस्सा स्वतःच्या नोंदींसाठी खातो; कमी रॅमच्या बोर्डावर ते जाणवतं. केसीसॅन इतर सबसिस्टिमचेही रिपोर्ट ओततो, ते गाळावे लागतात.

केबल हाताने उपटायची गरज नाही. डमी-एचसीडी (खोटा यूएसबी कंट्रोलर) आणि रॉ-गॅजेट (प्रोग्रॅममधून खोटं यूएसबी डिव्हाइस उभं करणारी सोय) यांच्या जोडीने ते व्हर्च्युअल मशीनमध्येच करता येतं. खऱ्या कंट्रोलरचं टायमिंग त्यात नसतं, म्हणून रिलीजआधीची फेरी आम्ही बोर्डावरच घेतो. केसॅनचा कर्नल टेस्ट बेंचवर कायम असतो; केसीसॅनचा लॉकिंगला हात लावला की चढवतो.