दात की डीएनए? हिमयुगातल्या छोट्या सस्तन प्राण्यांचा माग

एका विद्यार्थिनीला युरोपातल्या छोट्या सस्तन प्राण्यांवर प्रबंध करायचाय. गुहेतले जीवाश्म घ्यावेत की आजच्या प्राण्यांचा डीएनए, हे तिचं ठरत नाहीये.

खर्च जीवाश्मांना कमी: चाळणी, सूक्ष्मदर्शक आणि भरपूर चिकाटी. घुबडांनी ओकलेली हाडं गुहांत थराथराने साचतात आणि दाढांच्या नक्षीवरून प्राणी ओळखता येतो. कॉलर्ड लेमिंग हा उंदरासारखा छोटा प्राणी आज आर्क्टिकमध्येच राहतो, पण त्याचे दात ब्रिटनमध्ये सापडतात. तो तिथे राहत होता याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही. वय काढायला मात्र रेडिओकार्बन (हाडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय मोजायची पद्धत) साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच पुरतो.

डीएनएला प्रयोगशाळा आणि पैसा लागतो. पण वंश कुठून पसरला, हे तोच सांगतो. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, बर्फ कमाल पसरला तेव्हा, उबदार हवामानातले छोटे प्राणी स्पेन, इटली आणि बाल्कनमध्येच तगले असं मानलं जाई. बँक व्होल या जंगलातल्या उंदरासारख्या प्राण्याच्या डीएनएने मध्य-पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरांतलाही आसरा दाखवला. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. तरी नामशेष झालेल्या शाखा आजच्या डीएनएत दिसत नाहीत.

प्राणी कुठे आणि कधी होता, हा प्रश्न असेल तर दात घ्यावेत. आजची वस्ती कुठून आली, हे हवं असेल आणि प्रयोगशाळा हाताशी असेल, तर डीएनए.