लातूरला जुना कॅसेट डेक दुरुस्त करून घेतला, आता कसा वाजायलाय ते सांगतो

जुने डेक दुरुस्त करणारं मराठवाड्यात कुणी राहिलंय का असं बरेच जण विचारतात. राहिलंय. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक चाचा आहेत, दुकानाला नीट बोर्ड पण नाही, बाहेर मिक्सर आन टेबलफॅन दुरुस्तीला ठेवलेले दिसतात आन आत फळीवर टू-इन-वन (रेडिओ आन कॅसेट एकत्र), अँप्लिफायर, डेक एकावर एक. फोन नंबर कुठं टाकू नका असं ते स्वतःच म्हणले म्हणून टाकत नाही.

माझा डेक ऐंशीच्या दशकातला जपानी, दोन हेडचा (हेड म्हणजे कॅसेटची पट्टी ज्याला घासून जाते तो भाग), सुयांच्या मीटरवाला. आवाज दबलेला, उजवीकडचा कधी यायचा कधी जायचा आन पेटीचा सूर धरला की लाटा आल्यासारखा हलायचा. त्याआधी एका दुसऱ्या शहरात एकाकडं दिला होता, त्यानं उघडून आत सगळीकडं तेलाचा स्प्रे मारला, पैसे घेतले आन डेक आणखी बिघडवून परत दिला. पट्टी ओढणाऱ्या रोलरच्या रबराला तेल लागलं की तो पट्टी धरतच नाही, घसरते, हे ज्याला माहीत नाही त्यानं डेकला हात लावूच नये.

चाचांनी डेक चालू करून बघितलाच नाही, आधी प्लग काढला आन उघडला. जुन्या बेल्टचं पार डांबर झालेलं, फ्लायव्हीलला चिकटलेलं, बोटाला लागलं की निघेना. ते सगळं आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून काढायलाच त्यांना बराच वेळ लागला आन मी स्टुलावर बसून बघत होतो. फ्लायव्हील ओढून बाहेर काढलं, कॅपस्टनची, म्हणजे पट्टी पुढं सरकवणारी दांडी पुसली, बुशमध्ये सुईच्या टोकानं तेलाचा एकच थेंब, वर आलेलं पुसून घेतलं. पिंच रोलर आरशासारखा चमकत होता आन मधोमध तपकिरी पट्टा. तो त्यांनी काढून आधी साबणाच्या पाण्यानं धुतला, तेल गेल्याची खात्री केली, मग बारीक पॉलिश पेपरवर फिरवून वरचा कडक थर घालवला. रबराला सारखं सारखं अल्कोहोल लावलं तर ते वाळून चिरतं असं त्यांचं म्हणणं. हेड आन दांडीला मात्र आयपीएच, ते पण नव्व्याण्णव टक्केवालं. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं आन मेडिकलमधल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये काही वेळा तेलकट पदार्थ, ते हेडवर थर सोडतात, म्हणून ते वापरू नका. बाजारात हेड साफ करायची कोरडी कॅसेट मिळते ती पण ते वापरू देत नाहीत, घासून हेड झिजतं म्हणतात आन मला ते पटतं.

हेड पुसल्यावर डेक बंद ठेवूनच डिमॅग्नेटायझर (हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व घालवायचं यंत्र) लावला. माझ्या कॅसेटी त्यांनी आधी लांबच्या फळीवर ठेवायला लावल्या. दुकानात लई गर्दी होती तरी हे काम घाईत केलं नाही. चालू करून हळू जवळ नेला, हेडवरून, दांडीवरून फिरवला आन तसाच हळूहळू हातभर लांब आणला, मगच बटण बंद केलं. जवळ असतानाच बंद केला तर हेडमध्ये उलट चुंबकत्व बसतं.

स्पीडसाठी त्यांच्याकडं ३१५० हर्ट्झच्या सुराची कॅसेट आहे. ती लावली, फोनवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप धरलं तर आकडा ३२१० च्या आसपास, म्हणजे जवळपास दोन टक्के जास्त, गाणारा माणूस पण वरच्या पट्टीत जातो. मोटारच्या मागं बारीक भोक असतं, त्यात स्क्रूड्रायव्हर घालून इवलंसं फिरवत फिरवत ३१५० ला आणलं. नवे बेल्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवून आधीच घातले होते, तरी आकडा अजून थोडा हलायचा, एक बेल्ट जरा घट्ट होता, तो त्यांनी मी न सांगताच बदलला. ही गोष्ट मला लई आवडली.

पण खरं काम अजिमतचं (ॲझिमथ), म्हणजे हेड पट्टीला कोणत्या कोनात बसलंय त्याचं. कॅसेटची पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगानं सरकते आन त्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक बसवलेले. हेडची फट पट्टीला बरोबर काटकोनात पाहिजे, केसभर तिरकी झाली की वरचे सूर मरतात. माझ्याकडच्या कॅसेटी बाजारातल्या नाहीत. आण्णांनी गावच्या सप्त्यात टू-इन-वन समोर ठेवून कीर्तनं भरली होती, त्यातले कीर्तनकार आता हयात नाहीत आन त्या आवाजाची दुसरी प्रत कुठंच नाही. त्या टू-इन-वनचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात ते भरलं गेलं, मग डेक कंपनीच्या मापानं कितीही बरोबर असला तरी ती कॅसेट दबकीच वाजणार. हे मी सांगायच्या आधीच चाचा म्हणले, "पाव्हणं, तुमची कॅसेट आणलीय का, तिच्यावरच लावू." कोन बदलायला हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला स्क्रू असतो. आधी मार्करनं मूळ जागेची खूण केली, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐकलं, कारण मोनोत थोडी चूक असली तरी वरचा आवाज लगेच मरतो. मग स्क्रू हळू हळू फिरवला. टाळ आधी नुसते खसखस वाजायचे, एका जागी येऊन ते एकदम सुटे झाले, मागचा टाळकरी वेगळा ऐकू यायला लागला, आन बुवांचा शब्दातला 'स' पण स्पष्ट. मला तर भरून आलं. एरवी स्क्रूला रंग लावून पक्का करतात, इथं मात्र त्यांनी मोकळा ठेवला, दुसरी कॅसेट दुसऱ्या मशीनवर भरलेली असली तर परत फिरवावा लागतो आन खुणेवरून मूळ जागी आणता येतो. कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या असतील तर हे प्रत्येक कॅसेटला करा, नुसतं ट्रेबल वाढवून गेलेला आवाज येत नाही, हिस (मागचा सूं आवाज) वाढते.

उजव्या चॅनलची गडबड आवाजाच्या पॉटमध्ये (आवाज कमी-जास्त करायच्या खुंटीत) होती, कॉन्टॅक्ट क्लीनरनं सुटली.

आता जे जमलं नाही ते. रिवाइंड अजून सावकाश होतंय, मीटरचा एक बल्ब बंदच आहे, तसला मिळाला नाही म्हणले. बिल नाही, वॉरंटी नाही, खर्च आधी सांगत नाहीत आन "पुढच्या आठवड्यात या" याच्यावर विश्वास ठेवू नका, बेल्ट यायला वेळ लागतो. मला सगळं धरून १८०० रुपये पडले. त्या कामाला मला जास्त वाटले नाहीत, पुण्या-मुंबईला पाठवायचं तर नुसत्या कुरिअरमध्ये धक्के खाऊन डेक हलतो.

मला चाचांचा हात पटला, अजिमत कानानं लावणारा माणूस आपल्याकडं दुसरा दिसला नाही. घरी मात्र दहा-एक तास वाजवलं की हेड आन दांडी स्वतः पुसत जा, कापसाच्या काडीवर तपकिरी येणं बंद होईपर्यंत. बुरशी चढलेली कॅसेट थेट डेकमध्ये घालू नका, हेडला लागते. आन चाचांकडं जाताना आपल्या दोन-तीन कॅसेटी सोबत न्या, ज्यांच्यावर डेक लावून घ्यायचाय त्याच. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं.