चामखीळ: थांबायचं, औषध लावायचं, गोठवायचं की जाळायचं?

गेल्या पावसाळ्यात केळीच्या कटाईवरून एक भाऊ थेट माझ्या मेडिकलवर आले. गमबूट दारात काढले, टाच वर केली आणि म्हणाले, "ताई, कुरूपाची पट्टी द्या." टाचेवर वाटाण्याएवढा टणक गोल होता. वरची कातडी त्यांनी दाढीच्या ब्लेडनं तासलेली, आणि आत मोहरीहून बारीक चार-पाच काळे ठिपके. ते कुरूप नव्हतं, चामखीळ होती.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात काउंटरमागे उभी राहून मी रोज हा गोंधळ बघते. म्हणून कुठला उपाय घ्यायचा हे ठरवण्याआधी आपल्याला नेमकं काय झालंय ते बघा. कुरूप म्हणजे घासून, दाबून घट्ट झालेली कातडी. ते वरून दाबलं की कळ येते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते, आणि पायाच्या कातडीवरच्या रेषा तिच्यापाशी येऊन तुटतात. काळे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त. लोक त्याला 'मूळ' म्हणतात आणि मूळ उपटायला सुई घालतात. चामखिळीला मूळ नसतं, ती कातडीच्या वरच्या थरातच असते. सुईनं आणि ब्लेडनं फक्त विषाणू शेजारी पेरला जातो.

हा विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. त्याचे २०० हून जास्त प्रकार आहेत. हातापायांवर चामखीळ आणणारे वेगळे, गुप्तांगावरचे वेगळे, कॅन्सरचे आणखी वेगळे. बोटावर चामखीळ आली म्हणून पुढे कॅन्सर होईल ही भीती मनातून काढून टाका.

मानेवर, काखेत देठाला लोंबणारे मऊ मस हा तिसराच प्रकार, ती चामखीळ नाही. घोड्याच्या शेपटीचा केस बांधून 'चामखीळ' पडल्याचं जे सांगतात, त्यांची बहुतेक वेळा अशी देठाची मस असते. देठ आवळला की रक्त थांबतं आणि ती सुकून पडते. बोटावरच्या बसक्या, खरबरीत चामखिळीला केस बांधायला देठच नसतो.

बिब्बा, चुना, रुईचा चीक

या तिन्हींबद्दल मी तोलूनमापून लिहिणार नाही. लावू नका. एक आजी नातवाला घेऊन आली होती. अंगठ्यावरच्या डाळीएवढ्या चामखिळीवर बिब्ब्याचं तेल लावलेलं, आणि पोराचा अंगठा मनगटापर्यंत फोडांनी भरलेला. तोच हात गालाला लागला म्हणून गालही सुजलेला. "काही व्हत नही, आम्ही सगळ्यांनी लावलं," आजी म्हणत होती, पण तिचे डोळे भरले होते. बिब्बा चामखीळ ओळखत नाही, जिथे लागेल तिथली कातडी जाळतो. चुना आणि धुण्याचा सोडा तसंच करतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याच्या बुबुळाला इजा होते.

काहीच न करणं

हा उपाय फुकट आहे, आणि मुलांसाठी बरेचदा सर्वांत चांगलाही. शरीराला विषाणूची ओळख पटली की चामखिळी आपोआप जातात. मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांच्या दोन वर्षांत जातात. मोठ्यांना जास्त वेळ लागतो. माझ्या मुलीच्या बोटांच्या पेरांवर पाच होत्या. दुखत नव्हत्या, म्हणून आम्ही थांबलो. फक्त तिची नखं कुरतडायची सवय सोडवली, कारण त्यानंच त्या बोटावरून बोटावर आणि ओठापर्यंत जातात. दीड वर्षानं एका महिन्यात पाचही गेल्या.

पण चामखीळ दुखत असेल, वाढत असेल, चालताना टोचत असेल किंवा मूल शाळेत हात लपवत असेल, तर थांबायला सांगणं योग्य नाही.

सॅलिसिलिक ॲसिड

हातापायांच्या चामखिळीला मी आधी हेच सुचवते. आपल्याकडे मिळणाऱ्या बाटलीत बहुतेक १६.७ टक्के सॅलिसिलिक आणि तितकंच लॅक्टिक ॲसिड असतं. पट्टीत, म्हणजे कॉर्न कॅपमध्ये, सॅलिसिलिक ४० टक्क्यांपर्यंत असतं. लोक चार दिवस लावतात आणि 'गुण नाही' म्हणून बाटली कोनाड्यात टाकतात. हे औषध रोज रात्री, बारा आठवडे लावायचं असतं.

पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. मऊ झालेली पांढरी कातडी घासणीनं हलकेच काढा. ती घासणी दुसऱ्या कुणी वापरायची नाही आणि आपणही चांगल्या कातडीवर फिरवायची नाही. भोवती व्हॅसलीनचं कडं करा, मध्ये एक थेंब टाका, वाळू द्या, वर चिकटपट्टी लावा. जागा हुळहुळी झाली तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा सुरू करा. बाटलीतलं द्रावण पेट घेतं, म्हणून चुलीपाशी, गॅसपाशी बसून लावू नका.

मधुमेह असेल, पायाची संवेदना कमी असेल, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा असेल, तर ही बाटली पायाला लावायचीच नाही. कातडी जळली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. चेहऱ्यावरही नाही.

गोठवणं

क्रायोथेरपीत उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन चामखिळीवर काही सेकंद मारतात. कळ येते, फोड येतो, खपली पडते. दर दोन-तीन आठवड्यांनी, तीन-चार किंवा जास्त वेळा जावं लागतं. जळगावला दर खेपेला मजुरी बुडवून जाणाऱ्याला औषधापेक्षा खेपाच महाग पडतात.

आणि गुण? इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये तळपायाच्या चामखीळवाल्या २४० जणांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना गोठवलं, निम्म्यांना ५० टक्के सॅलिसिलिक दिलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे सारखेच, म्हणजे १४ टक्के पूर्ण बरे झाले होते. तळपायाची चामखीळ किती चिवट असते ते यावरून समजावं. हातावरच्या लवकर दाद देतात.

सावळ्या कातडीवर गोठवल्या जागी पांढरा डाग राहू शकतो. आपल्या भागात लग्नाच्या मुलीच्या हातावर तसा डाग दिसला की लोक कोड म्हणून कुजबुजतात. तो कोड नसतो, पण डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. नखाजवळ गोठवलं तर नख वेडंवाकडं येण्याचा धोकाही असतो.

जाळणं

जागा बधिर करून विजेच्या सुईनं चामखीळ जाळतात. एका बैठकीत काम होतं, हाच मोठा फायदा. बोटावर एखादीच उभी चामखीळ असेल, लवकर सुटका हवी असेल, तर हा पर्याय चांगला. मात्र विषाणू आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत शिल्लक असतो, त्यामुळे ती परत येऊ शकते.

तळपायावर मात्र जाळण्याची घाई करू नका. माझ्या जावेनं एका ठिकाणी टाच जाळून घेतली. चामखीळ गेली, पण व्रण असा कडक झाला की दोन वर्षं झाली तरी ती टाच अलगद टेकवते. व्रण राहू शकतो हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

इंजेक्शन

पंधरा-वीस चामखिळी असतील तर एकेक जाळत बसण्यापेक्षा याबद्दल विचारा. सर्वांत मोठ्या चामखिळीत डी-३ जीवनसत्त्वाचं किंवा एमएमआर लशीचं इंजेक्शन देतात. शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि गुण आला तर लांबच्या चामखिळीही जातात. सुई चांगलीच दुखते, आणि सगळ्यांना गुण येतो असं नाही. गरोदरपणात एमएमआर घ्यायची नाही. त्वचारोगतज्ज्ञ धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही आहेत, खाजगीतच जायला हवं असं नाही.

दाढीच्या जागेत बारीक चामखिळी आल्या असतील तर आधी वस्तरा बंद करा, ट्रिमर वापरा. सलूनमध्ये ब्लेड आपल्यासमोर नवं लावून घ्या. ब्लेडच्या प्रत्येक फेरीसोबत त्या पसरतात. पन्नाशीनंतर नव्यानं आलेली, झपाट्यानं वाढणारी, रक्त येणारी किंवा नखाखालची चिवट गाठ असेल तर घरी काहीही न लावता डॉक्टरांना दाखवा.

जे हळू आवाजात विचारतात

दुकानात पुरुष गिऱ्हाईक नसताना बायका येतात आणि 'चामखिळीची बाटली' मागतात. कुठे लावायची, हे विचारल्यावर खाली बघतात. ताई, ती बाटली तिथे लावायची नाही. गुप्तांगावरच्या चामखिळी बहुतेक वेळा एचपीव्ही ६ आणि ११ या प्रकारांनी होतात. डॉक्टर त्या गोठवतात, ॲसिड स्वतः लावतात किंवा वेगळी क्रीम देतात, आणि गरोदर असाल तर त्यातली काही औषधं चालत नाहीत. लागण झाल्यापासून चामखीळ दिसायला महिने, कधी वर्षंही लागतात. त्यामुळे ती आज दिसली म्हणून नवऱ्यानं किंवा बायकोनं आत्ता काही केलं असा अर्थ निघत नाही. या एका गैरसमजानं घरं मोडायला आलेली मी पाहिली आहेत.

एचपीव्हीची लस घ्यावी का?

हातापायाच्या चामखिळीसाठी नाही. ते प्रकार या लशीत नाहीत, आणि असलेली चामखीळ लशीनं जात नाही. पण मुलीसाठी विचाराल तर माझं उत्तर ठाम हो आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ च्या जानेवारीत आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांपासून वाचवते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ मुळे होतात. ९ ते १४ वर्षांत सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, १५ ते २६ वर्षांत तीन. मुलग्यांनाही देता येते. लग्नाआधी, लागण व्हायच्या आधी दिली तरच पूर्ण उपयोग. लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी चुकवायची नाही.

कटाईवाले भाऊ चौदा आठवड्यांनी परत आले. मधुमेह नव्हता, म्हणून मी बाटली दिली होती, आणि घरात सगळ्यांनी एकच स्लिपर वापरणं बंद करायला सांगितलं होतं. काळे ठिपके गेले होते आणि टाचेच्या रेषा मधून सलग धावत होत्या. त्या सलग दिसेपर्यंत औषध थांबवायचं नाही.